पढंत, खाली आणि परदेशातला तबला

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, तर उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. गणपती, नाटक आणि मराठी शाळा यांच्या जोडीने या मंडळींनी परदेशात आणखी एक गोष्ट रुजवली, ती म्हणजे घरोघरी चालणारे तबल्याचे वर्ग. शनिवारी सकाळी कुणाच्या तळघरात सात-आठ मुले चुंबळीवर तबला-डग्गा मांडून बसतात. हिवाळ्यात घरातल्या कोरड्या, तापलेल्या हवेने पुडी चढलेली असते, म्हणून पहिली दहा मिनिटे हातोडी घेऊन सूर उतरवण्यातच जातात. ही कला तिथे टिकली ती केवळ मायदेशाच्या ओढीने, असे आपण सहज म्हणतो. माझे मत वेगळे आहे. ज्या शिक्षकांनी हाताबरोबर शास्त्रही शिकवले, म्हणजे बोल असा का आणि इथेच का हे मुलांना उलगडून दाखवले, त्यांच्यामुळे ती टिकली.

दिल्ली घराण्याचा जवळजवळ प्रत्येकाने शिकलेला कायदा घ्या : धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिना. सोळा अक्षरे, तीनतालाच्या सोळा मात्रा. पाठ करायला एक दिवस पुरतो. पण डाव्या हाताकडे लक्ष दिले, तर त्यात अख्खा ताल दडलेला दिसतो. ‘तूना’ला, म्हणजे सातव्या मात्रेलाच, डग्ग्याचा घुमारा थांबतो. नवव्या मात्रेवर खाली येते तेव्हा ‘धा’चा ‘ता’ झालेला असतो, आणि बाराव्या मात्रेपर्यंत डग्गा बंद राहतो. तेराव्याला ‘धाधा धिना’ म्हणत तो परततो आणि समेकडे घेऊन जातो. ठेक्यातही हेच घडते, फक्त डग्गा थोडा उशिरा थांबतो आणि थोडा उशिरा परततो. हे ज्या मुलाला कळले ते पलटे करताना चुकत नाही. कायद्यातलेच बोल वापरायचे, भरी आणि खाली सांभाळायची, शेवटी तिहाई घेऊन समेवर यायचे, हे नियम त्याला परके वाटत नाहीत. ज्याला कळले नाही, त्याला प्रत्येक पलटा स्वतंत्र पाठ करावा लागतो, आणि सुट्टीनंतर सगळे विसरायला होते.

यावर जुनी मंडळी म्हणतील की विद्या गुरुमुखी आहे आणि थोर उस्तादांनी कधी शास्त्राची पुस्तके उघडली नाहीत. खरे आहे. पण ते गुरूच्या घरी राहत आणि दिवसभर साथ, पढंत, मैफली कानांवर घेत. अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया गंधर्व नाटक मंडळीत वाजवत होता, त्या काळी नाटकाला येणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या कानालाही समेची ओळख होती. न्यू जर्सीतल्या मुलाला आठवड्यातून तासभर वर्ग मिळतो, बाकीचे दिवस कानावर वेगळेच संगीत असते. घराने आणि गावाने न सांगता जे दिले असते, ते त्याला सांगूनच द्यावे लागते. आणि शास्त्र हे काही बाहेरून लादलेले नाही. भातखंड्यांनी गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्या लिहून काढल्या आणि त्यांतूनच नियम मांडले. तबल्यात तर शास्त्र तोंडातच असते : हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणणे हा त्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला पाठ. तो गाडीत मागे बसूनही करता येतो.

परीक्षांबद्दलची तक्रार मला अंशतः मान्य आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा परदेशातही होतात आणि त्यांनी अभ्यासाला एक वाट आखून दिली, हे मोठे काम आहे. पण कायद्याची व्याख्या पाठ करून लिहिणारा विद्यार्थी तोच कायदा वाजवताना खाली विसरत असेल, तर ते गुण कशाचे? लेखी उत्तर हातावर वाजवून दाखवायला लावणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि चांगले शिक्षक ते करतातच.

राहिला वेळेचा प्रश्न. पोहणे, शाळेचा ऑर्केस्ट्रा, गृहपाठ यांतून रियाझाला तासन्‌तास कुठून आणायचे? चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या कथा सांगून मुलांना धाकात ठेवण्यात अर्थ नाही, कारण चिल्ला हा तयार हाताचा रियाझ आहे. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्मरणावरच्या प्रयोगांत दाखवले की एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांवर वाटलेली उजळणी जास्त टिकते. रोजची वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांना भारी पडतात, पण ती नेमकी हवीत. आधी विलंबित लयीत, मग दुगुनीत, आणि अडखळते तेवढाच तुकडा वेगळा काढून. मेट्रोनोमपेक्षा लेहरा लावावा. साध्या मेट्रोनोमचे ठोके एकसारखे पडतात, सम कुठे आली ते सांगत नाहीत. लेहऱ्याची चाल ते प्रत्येक आवर्तनात सांगते. ऑर्केस्ट्रात मोजायला शिकलेल्या मुलाला हा फरक एकदा दाखवला की तो पटकन पकडतो.

मंडळांच्या कार्यक्रम समित्यांना एक विनंती. पुढच्या गणेशोत्सवात या मुलांना केवळ गाण्यांच्या साथीला बसवू नका. दहा मिनिटांचे स्वतंत्र वादन द्या, वाजवण्याआधी कायद्याची पढंत करायला सांगा, आणि सभागृहाला त्यांच्याबरोबर टाळी-खाली धरायला लावा.