निग्गहीताचा उच्चार आणि शुद्धतेचा आग्रह

‘सरणं’ या पदातील अन्त्य निग्गहीत ‘म्’ असे उच्चारावे की ‘ङ्’ असे, हा वाद आपल्या विहारांतून अधूनमधून उपस्थित होतो. श्रीलंकेत वा थायलंडात ‘सरणङ्’ ऐकून आलेले काही उपासक येथील ‘सरणम्’ला अशुद्ध ठरवतात. क्वचित वंदना म्हणणाऱ्या वृद्ध उपासिकेलाही मध्येच थांबवले जाते. या आग्रहाला आधार किती, हे तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

आधार मुळीच नाही असे नव्हे. बुद्धघोषाचार्यांच्या नावे असलेल्या ‘समन्तपासादिका’ या विनय-अट्ठकथेनुसार कम्मवाचेत ‘त’च्या जागी ‘थ’ आला, किंवा निग्गहीत गळले, तर संघकर्म दूषित होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने होत नाही. श्रामणेराच्या प्रव्रज्येत शरणगमन देणारा व घेणारा या दोघांचाही उच्चार शुद्ध असावा लागतो. परंतु तेथेच दोन रीती मान्य केल्या आहेत : पदे जोडून म्हणताना अनुनासिकान्त आणि तोडून म्हणताना मकारान्त. म्हणजे ज्या ‘म्’ला आज अशुद्ध म्हटले जाते, त्याला अट्ठकथेचीच संमती आहे.

परदेशाचा दाखलाही निर्णायक ठरत नाही. थायलंडात ‘बुद्धं’चे ‘फुत्थङ्’ होते, तर ब्रह्मदेशात ‘स’ हा ‘थ’च्या जवळ जातो. यांपैकी कोणाचा उच्चार प्रमाण मानावयाचा?

मराठी भाषकाचा खरा दोष निराळाच आहे. ‘करणं’, ‘जाणं’ यांतील अनुस्वार आपण नाकातून न उच्चारता केवळ ‘अ’ लांबवतो. त्या सवयीने ‘सरणं’ म्हटले की निग्गहीतच नाहीसे होते. ‘जरामरण’ यातील ‘ज’ही अनेकदा ‘जरा थांब’मधल्यासारखा होतो, वस्तुतः तो ‘जीवन’मधल्यासारखा तालव्य आहे. हे अवश्य शिकवावे. पण वंदना संपल्यावर, आणि आपुलकीने.

महाभाष्यातील ‘इन्द्रशत्रु’च्या दाखल्यात चुकलेला स्वर यजमानाचाच घात करतो. विनयातील शुद्धीमागे असे भय नाही. तिचा हेतू संघकर्म निर्दोष व्हावे एवढाच आहे. अरणविभङ्ग सुत्तात तर एकाच भांड्याची पाती, पत्त, सराव अशी निरनिराळ्या जनपदांतील नावे सांगून, आपलेच खरे असा हट्ट धरू नये, असा उपदेश केला आहे. ज्यांच्या पूर्वजांना वेद ऐकण्याचीही मनाई होती, त्यांनी शुद्धतेच्या नावाने धम्माभोवती नवे कुंपण उभारू नये.