कळप मोजला, कुरण राहिले

प्राण्याचे वर्णन कसे करावे, याचा नमुना म्हणून आम्ही शिक्षकांना एक जुने पुस्तक सुचवतो. जर्मन निसर्गवैज्ञानिक गेऑर्ग स्टेलर याचे ‘दे बेस्तिइस मारिनिस’ म्हणजे ‘समुद्रातील पशूंविषयी’. त्याच्या मृत्यूनंतर, १७५१ साली, ते लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. १८९९ सालचा इंग्रजी अनुवाद आज वाचता येतो. मात्र हा नमुना डोळे मिटून स्वीकारावा असा नाही.

नोव्हेंबर १७४१ मध्ये व्हिटस बेरिंगचे जहाज कामचाटकाच्या पूर्वेकडील एका निर्जन बेटापाशी फुटले. स्कर्व्हीने खलाशी मरत होते. बेरिंगही तेथेच वारला. अशा हलाखीत स्टेलरने किनाऱ्यालगत चरणाऱ्या प्रचंड समुद्रगाई पाहिल्या, आणि नुसत्या पाहिल्या नाहीत, तर मोजल्या. जुलै १७४२ मध्ये मोजलेली मादी सुमारे साडेसात मीटर लांब होती. तिचे आतडे शरीराच्या वीसपटीहून लांब, म्हणजे सुमारे दीडशे मीटर भरले. तोंडात दात नव्हते. त्यांच्या जागी शिंगासारख्या कठीण दोन पट्ट्या होत्या. पुढच्या अवयवांत बोटांची हाडे नव्हती. आहार समुद्रशैवालाचा. एवढे लांब आतडे कशासाठी, हा प्रश्न वर्गात विचारला तर वनस्पतींचे पचन किती सावकाश चालते, हे मुले स्वतःच शोधून काढतील.

स्टेलरने या प्राण्याला ‘मानाटी’ म्हटले, म्हणजे अमेरिकेतील मॅनेटीच मानले. प्रत्यक्षात तो ड्यूगाँगच्या कुळातला होता. मॅनेटीविषयी स्टेलरने केवळ वाचलेले होते, म्हणून ही चूक क्षम्य आहे.

दुसरी चूक मात्र गंभीर आहे. हे प्राणी इतके आहेत की कामचाटकाच्या साऱ्या पूर्व किनाऱ्याला कायम मांस पुरेल, असे तो लिहितो. पाहिला होता एका बेटाभोवतालचा कळप. अनुमान काढले अक्षय पुरवठ्याचे. १८८७ मध्ये लिओनार्ड स्टेनेगर याने अंदाज बांधला की मुळात फार तर दीड हजार प्राणी असावेत. फरसाठी येणारे शिकारी वाटेतली शिदोरी म्हणून त्यांना मारत राहिले. १७६८ पर्यंत, म्हणजे अवघ्या २७ वर्षांत, ही जात संपली. सागरी ऊदमांजरे मारली गेल्याने समुद्री अर्चिन वाढले आणि त्यांनी शैवालाची कुरणे फस्त केली, हेही एक कारण असावे असे काही वैज्ञानिक मानतात.

ही चूक अठराव्या शतकातच राहिली असती तर आम्ही इतके लिहिले नसते. फ्लोरिडातील मॅनेटींना २० अंश सेल्सिअसखालचे पाणी फार काळ सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात त्या कोमट झऱ्यांपाशी आणि वीजकेंद्रांतून सोडलेल्या गरम पाण्यात गर्दी करतात. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना ‘संकटग्रस्त’ या वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात आणले. निर्णयामागे इतर विचारही होते, पण लोकांसमोर ठसठशीतपणे आला तो किमान ६,६२० हा आकडा. दरम्यान इंडियन रिव्हर खाजणात २०११ पासून खते व सांडपाण्यामुळे शैवालाचे तवंग माजले होते. त्यांनी प्रकाश अडवला आणि तळचे समुद्रगवत मेले. २०२१ मध्ये फ्लोरिडात ११०० मॅनेटी मेल्या, त्यांतल्या पुष्कळशा उपासमारीने. त्या हिवाळ्यापासून त्यांना लेट्यूसची पाने टाकून जगवण्याची वेळ आली. कळप मोजला होता. कुरणाकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

स्टेलर वर्गात जरूर वाचावा. मात्र फळ्यावर दोन रकाने आखावेत: लेखकाने काय पाहिले आणि त्यावरून काय ठरवले. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात समुद्रगवतावर जगणारे ड्यूगाँग आहेत. त्यांच्याविषयीची बातमी वाचतानाही मुलांना हेच रकाने भरू द्यावेत, आणि बातमीत गवताचा उल्लेख आहे का, तेही पाहू द्यावे.