‘काहीच लागलं नाही’ म्हणजे नेमकं काय? गाडीमालकांच्या अनुभवाची तपासणी

दिवाळीत पेडगावला मामांकडे गेलो होतो. मामांना जुनी चारचाकी घ्यायची आहे. बजेट साडेतीन लाख. त्यातले काही सोयाबीनचे, बाकीचे उसने. माझं संशोधन वस्तू किती काळ टिकतात याच्या सांख्यिकीत आहे, हे त्यांना माहीत. त्यामुळे चहाच्या हॉटेलवर सगळ्यांसमोर विचारलं, “तू एवढा शिकला, मग सांग बरं, कोणती गाडी टिकंल?”

मी तोंड उघडायच्या आत तीन उत्तरं आली. एक जण म्हणाले, “बोलेरो घ्या. धा वर्षं झाली, काहीच लागलं नाही.” दुसरे म्हणाले, “इनोव्हा भेटली तर बघा, तीन लाख किलोमीटरला बी इंजिन खोललं नाही.” तिसऱ्यांनी एका कंपनीचं नाव घेऊन सांगितलं, “तिच्या नादी लागू नका, आमची दीड महिना गॅरेजात पडून होती.”

संशोधनाची पूर्वतयारी करणाऱ्यांना यावर काय म्हणायचं ते पाठ असतं: नमुना तीनचा, निवड पक्षपाती, पुरावा शून्य. मीही मनात तेच म्हणालो. पण नंतर विचार केला तेव्हा हे उत्तर आळशीपणाचं वाटलं. ही पोस्ट त्या तिघांच्या दाव्यांची चिकित्सा आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिक्रियेचीही.

आधी दाव्यांकडे बघू. ‘काहीच लागलं नाही’ म्हणणाऱ्या काकांना मी विचारलं, “क्लच प्लेट?” “ती एकदा टाकली.” “सस्पेन्शनचे बुश?” “दोनदा. ते तर लागणारच की!” म्हणजे त्यांच्या लेखी ठराविक काळाने झिजणारी वस्तू बदलणं हा बिघाड नाही. दीड महिन्यावाल्यांची गाडी मात्र एकाच सेन्सरसाठी अडली होती. दोघं ‘बिघाड’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात आणि आपण त्यांची तुलना करतो. इथे नमुना तीनचा असो वा तीन हजारांचा, काही फरक पडत नाही. व्याख्याच एक नाही.

दुसरं, हॉटेलवर बसलेत ते गाडी ठेवणारे. ज्यांनी वैतागून दोन वर्षांत विकली, ते त्या गाडीबद्दल बोलायला इथे नाहीत. आणि ज्यांनी ठेवली, त्यांना आपली निवड बरोबर वाटणं साहजिक आहे. जॅक ब्रेम यांनी १९५६ साली घरगुती वस्तूंवर प्रयोग केला होता. दोन वस्तूंपैकी एक निवडल्यावर लोक निवडलेलीला आधीपेक्षा जास्त आणि सोडलेलीला कमी गुण देऊ लागले. वस्तू त्याच होत्या, फक्त निर्णय मध्ये आला.

तिसरं, ब्रँड. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोन्ही गाड्या बनतात. सांगाडा एक, इंजिनांचे पर्याय तेच. बाहेरचं रूप, आतली सजावट आणि नाव वेगळं. त्याआधी रॅपिड आणि व्हेंटोचंही असंच होतं. आता एखाद्या मालकाने ‘या कंपनीचं इंजिन दणकट, त्या कंपनीचं नाजूक’ असं या जोडीबद्दल सांगितलं, तर तो फरक इंजिनाचा असणार नाही. तो शोरूमचा, वर्कशॉपचा, गाडी वापरणाऱ्याचा किंवा नावाकडून असलेल्या अपेक्षेचा असेल. ‘ब्रँड’ हा एक चल म्हणून तक्त्यात टाकण्याआधी त्यात किती गोष्टी दडल्यात, ते बघा.

मग हॉटेलवरचं ज्ञान टाकाऊ का? इथेच माझी चूक होती.

अभियांत्रिकीत दोन वेगळ्या कल्पना आहेत. विश्वासार्हता म्हणजे गाडी किती दिवस न बिघडता चालते. उपलब्धता म्हणजे एकूण दिवसांपैकी किती दिवस ती वापरायला हाताशी असते. उपलब्धता काढताना दोन बिघाडांमधला सरासरी काळ घ्यायचा आणि त्याला तो काळ अधिक दुरुस्तीचा काळ यांच्या बेरजेने भागायचं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ गाडी दर १०० दिवसांनी बिघडते, पण गावातला मिस्त्री एका दिवसात दुरुस्त करतो: १०० भागिले १०१, म्हणजे सुमारे ९९ टक्के. ‘ब’ गाडी २०० दिवसांनी बिघडते, पण पार्ट मोठ्या शहरातून यायला १० दिवस जातात: २०० भागिले २१०, म्हणजे सुमारे ९५ टक्के. विश्वासार्हतेत ‘ब’ दुप्पट चांगली. पण ज्याला पहाटे भाजी परभणीच्या बाजारात न्यायची आहे, त्याच्यासाठी ‘अ’ चांगली.

हॉटेलवरची मंडळी उपलब्धतेबद्दल बोलत होती. मी विश्वासार्हता ऐकत होतो. त्यांचं उत्तर अपुरं होतं, पण प्रश्न माझ्यापेक्षा नेमका होता.

आता म्हणाल, मोठी सर्वेक्षणं आहेत की! आहेत. जे. डी. पॉवर ही संस्था दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी हे मोजते. म्हणजे छेद आहे, ही मोठी गोष्ट. पण फोन न जुळणं ही एक तक्रार आणि इंजिन बंद पडणं हीही एकच. २०११ साली फोर्ड अमेरिकेतल्या नव्या गाड्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावरून २३ व्या क्रमांकावर घसरली. त्यामागे एक मोठं कारण होतं नव्या टचस्क्रीनचं. वापरायला अवघड रचना आणि तुटणारा भाग एकाच आकड्यात मिसळले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार त्यातून सरकारला मिळाला. २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत तक्रारींचा आकडा त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीशी ताडून बघतात. चांगली पद्धत आहे. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. सर्वेक्षणंही बहुतेक पहिल्या काही महिन्यांची, फार तर काही वर्षांची.

मामांच्या साडेतीन लाखांत येणारी गाडी आठ-दहा वर्षं जुनी असणार. म्हणजे जिथून पुढे झीज खरी सुरू होते आणि घेणाऱ्याकडे चुकीला पैसे उरलेले नसतात, तिथेच व्यवस्थित गोळा केलेली माहिती संपते. उरतं ते हॉटेल. म्हणून त्याला हसण्यापेक्षा त्याला नीट प्रश्न विचारायला शिकणं जास्त उपयोगाचं.

मालकांच्या तक्रारींतून काय हाती लागू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस आली आणि सुरुवातीच्या ग्राहकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. त्या तक्रारी ऐकून केलेल्या बदलांनंतर २००१ मध्ये व्ही-टू आली आणि गाडीचं नशीब पालटलं. ‘गाडी वाईट’ एवढ्याने अभियंत्याला काही कळत नाही. कोणता भाग, किती किलोमीटरला, कशा रस्त्यावर, हे कळलं तर कळतं. किस्सा दर सांगत नाही, पण बिघाडाची वाट दाखवतो.

मी मामांना एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. कोणता भाग गेला? किती किलोमीटरला? गाडी किती दिवस उभी राहिली? पार्ट कुठून आला? आधीची गाडी का विकली? कोणती गाडी टिकेल ते मला सांगता येत नाही, हेही सांगितलं. मामांनी कागद वाचला आणि म्हणाले, “म्हंजी गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघायचा.”

मुलाखतींवर किंवा प्रश्नावलीवर काम करणार असाल, तर आपल्या प्रश्नावलीतला एक शब्द उचला, ‘त्रास’, ‘समाधान’, ‘बिघाड’ कोणताही. पाच जणांना विचारा, याचा तुमच्या लेखी अर्थ काय. उत्तरं वेगळी आली तर छापायच्या आधी थांबा. विकून टाकलेल्या गाड्यांचं, म्हणजे अर्धवट माहितीचं गणित कसं करतात, ते पुढच्या पोस्टमध्ये.