त्या रात्री सभागृहात नक्की कोण होतं?

लोकप्रिय संगीत, चाहते, स्थानिक बँड यांपैकी कशावरही संशोधन करायचं म्हणून तुम्ही वाचायला बसलात, की एक रात्र तुम्हाला हमखास भेटणार. 4 जून 1976, शुक्रवार. गाव मँचेस्टर. फ्री ट्रेड हॉल नावाच्या मोठ्या इमारतीतलं वरचं छोटं सभागृह, लेसर फ्री ट्रेड हॉल. तिकीट 50 पेन्स. लंडनहून आलेला 'सेक्स पिस्टल्स' हा बँड, ज्याची तोवर एकही तबकडी निघालेली नव्हती. प्रेक्षक चाळीस-पन्नास असतील, असं बहुतेक जण सांगतात. आणि या मूठभर प्रेक्षकांतून पुढे बझकॉक्स, जॉय डिव्हिजन, द फॉल, द स्मिथ्स असे बँड उभे राहिले, असंही सांगतात.

गोष्ट झकास आहे. म्हणूनच ती जपून वापरायला हवी. या पोस्टमध्ये मी या रात्रीबद्दलचं लेखन तपासणार आहे, कारण 'कलावंत रात्री कुठे जायचा, काय ऐकायचा, कोणाला भेटायचा' हा आपल्या क्षेत्रातला फार लाडका पुरावा आहे आणि त्याची उलटतपासणी फारशी होत नाही.

आधी जे पक्कं आहे ते घेऊ. कार्यक्रम ठरवला हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या बोल्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी. फेब्रुवारीत एका संगीत साप्ताहिकात त्यांनी या बँडचं परीक्षण वाचलं, गाडी मागून घेतली आणि दक्षिणेला जाऊन लागोपाठ दोन कार्यक्रम पाहिले. मग यांना आपल्या गावात आणू, असं ठरवलं. त्यांचा स्वतःचा बँड, म्हणजे बझकॉक्स, त्याच मंचावर आधी वाजवणार होता, पण तयारी झाली नव्हती. म्हणून सॉल्स्टिस नावाचा एक स्थानिक बँड आधी वाजला. सहा आठवड्यांनी, 20 जुलैला, त्याच सभागृहात पिस्टल्स पुन्हा आले आणि तेव्हा बझकॉक्सनी पहिल्यांदा त्यांच्यासोबत वाजवलं.

म्हणजे रात्री दोन होत्या. आणि घोळ सुरू होतो तो इथेच.

डेव्हिड नोलन या पत्रकाराने या घोळावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'आय स्वेअर आय वॉज देअर'. 'शपथेवर सांगतो, मी तिथे होतो' हे नावच अर्धं परीक्षण आहे. हजारो लोक आपण तिथे होतो म्हणतात, खुर्च्या तेवढ्या नव्हत्याच. नोलन एकेकाला गाठतो, जून की जुलै हे विचारतो, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी ताडून बघतो. टीव्हीवर सूत्रसंचालन करणाऱ्या आणि पुढे फॅक्टरी रेकॉर्ड्स काढणाऱ्या टोनी विल्सनने आपण पहिल्या रात्री होतो असं आयुष्यभर सांगितलं, त्यावरही शंका घेतली गेली आहे. हे काम चिकाटीचं आहे. बातमीदाराची तपासणी कशी असते ते शिकायला हे पुस्तक जरूर वाचा.

पण पुस्तकाच्या उपशीर्षकात या कार्यक्रमाने जग बदललं असा दावा आहे. तिथे माझं आणि पुस्तकाचं जमत नाही. कोण हजर होतं याची इतकी कसून चौकशी करायची आणि हजर राहिल्याने काय झालं हे मात्र गृहीत धरायचं, हे कसं? हजेरी आणि परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या संशोधन-आराखड्यात हे दोन्ही एकाच वाक्यात आले असतील, तर आधी ते वाक्य तोडा.

(गंमत म्हणजे याच इमारतीत आणखी एक असाच तंटा घडला आहे. 17 मे 1966 ला बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन वाजवत असताना प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला 'जुडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडलं. याचं ध्वनिमुद्रण आहे. तरी ती चोरटी टेप वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरली आणि ओरडणारा मीच, असं म्हणणारी दोन वेगवेगळी माणसं पुढे आली. तेव्हा 'रेकॉर्डिंग असतं तर वाद मिटला असता' असं समजू नका.)

आता माझ्या मते या रात्रीचा सगळ्यात चांगला कागद. स्टीव्हन मॉरिसी तेव्हा 17 वर्षांचा होता. नोकरी नाही, बँड नाही. अमेरिकेच्या 'न्यूयॉर्क डॉल्स'चा कट्टर चाहता आणि संगीत साप्ताहिकांना पत्रं पाठवण्याचा नाद. त्या कार्यक्रमानंतर त्याने 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ला पत्र धाडलं आणि ते छापून आलं. पुढे हाच द स्मिथ्सचा गायक झाला, म्हणून दंतकथेत त्याचं नाव अगदी पुढे असतं. पण पत्रात काय आहे? हजर असलेली थोडकी मंडळी खुर्च्यांमधल्या वाटेत नाचली असं तो लिहितो. संगीत बेसूर होतं, शब्द नीट ऐकू येत नव्हते अशी कुरकुर करतो. डॉल्ससारखं वातावरण तयार करणारा ब्रिटिश बँड निघाला हे बरं झालं, पण कदाचित उशीरच झाला, असं म्हणतो. आणि शेवटी यांना यश मिळो, म्हणजे झोपून उठल्यासारखे न दिसणारे कपडे तरी घेता येतील, असा टोमणा.

हे पत्र दोनदा वाचावं असं आहे. यात वीज कोसळल्याचा मागमूस नाही. एक जाणकार, जरा खवचट चाहता आपल्या आवडत्या बँडशी तुलना करतो आहे, एवढंच. ज्याला पुढच्या लोकांनी सुरुवात म्हटलं, त्याला तो 'उशीर झाला' म्हणतो! आणि द स्मिथ्स सुरू व्हायला 1982 उजाडलं. मधली सहा वर्षं हा माणूस घरी बसून लिहीत होता, इतरांचे कार्यक्रम बघत होता. 'ती रात्र पाहिली आणि बँड काढला' हे वाक्य त्याला लावलं, तर ही सहा वर्षं कुठे गेली याचं उत्तर द्यावं लागेल.

मग मागाहून आठवताना वीज कुठून येते? इथे डॅनियल कॅविकी उपयोगी पडतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांवरच्या 1998 च्या पुस्तकात त्याने दाखवलं, की 'मी चाहता कसा झालो' ही गोष्ट लोक धर्मांतराच्या गोष्टीसारखी सांगतात. आधीचं आयुष्य, मग एक क्षण, मग नवं आयुष्य. आपल्याला हा साचा परका नाही, वाल्याचा वाल्मीकी आपण लहानपणापासून ऐकतो. कॅविकी हे खोटं आहे असं म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. लोक आपल्या आयुष्याचा अर्थ असाच लावतात. फक्त, साचा हा साचा म्हणून नोंदवायचा. तो कारण म्हणून नोंदवला की तुमचा प्रबंध चाहत्याच्या आत्मकथनाची दुसरी आवृत्ती होतो.

पीटर हुकचं उदाहरण घ्या. तो आणि बर्नार्ड समनर, शाळेपासूनचे मित्र, कार्यक्रमाला गेले आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे आणि मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण त्यांच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला 29 मे 1977 ला. म्हणजे जवळजवळ एक वर्ष. त्या वर्षात वाजवायला शिकणं होतं, रेकॉर्डच्या दुकानात 'गायक पाहिजे' अशी जाहिरात लावणं होतं (इयन कर्टिस त्यातूनच आला), आणि इतर कितीतरी रात्री होत्या. चित्रपटाला या वर्षाचा उपयोग नाही. '24 अवर पार्टी पीपल' (2002) मध्ये सभागृहात बसलेल्यांवरून कॅमेरा फिरतो आणि हा पुढे कोण झाला ते सांगितलं जातं. त्या चित्रपटाला निदान स्वतःच्या थापांची जाण आहे. खरा डिव्होटो त्यात एका सफाई कामगाराच्या वेशात येतो आणि पडद्यावर चाललेला प्रसंग आपल्याला आठवत नाही म्हणतो. काही शोधनिबंधांत इतकाही प्रामाणिकपणा नसतो.

गंभीर संशोधनाकडे वळू. मँचेस्टरचेच समाजशास्त्रज्ञ निक क्रॉसली यांनी पंक संगीताच्या उदयावर बरंच काम केलं, 2015 चं त्यांचं पुस्तक त्यातलं मोठं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बेकारी, वैताग, तरुणांचा असंतोष हे तर सगळ्याच गावांत होतं, तेवढ्याने पंक होत नाही. ते होतं एकमेकांना ओळखणारी पुरेशी माणसं एका ठिकाणी गोळा झाल्यावर. म्हणून कोण कोणासोबत वाजवत होतं, कोण कोणाला ओळखत होतं याचं जाळं काढायचं आणि ते काळानुसार कसं दाट होतं ते मोजायचं. या मांडणीत 4 जूनची रात्र साक्षात्कार उरत नाही, ओळखी होण्याची जागा होते. हा मोठा फायदा आहे. स्टीव्ह डिगलचं बघा. तो त्या संध्याकाळी दुसऱ्याच कोणाची वाट बघत बाहेर उभा होता. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेनला वाटलं, डिव्होटो-शेली ज्या बास वाजवणाऱ्याची वाट बघताहेत तो हाच, आणि त्याने त्याला आत नेऊन भेट घालून दिली. डिगल बझकॉक्समध्ये गेला तो कायमचा. पुढच्या जानेवारीत याच बँडने स्वतःच पैसे उभे करून 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी काढली. गैरसमजातून झालेली ही ओळख जाळ्यात एका रेषेने दाखवता येते. संगीताच्या आवडीतून ती काढायला गेलात तर हात हलवत परत याल.

तरी माझी तक्रार आहे. हे जाळं मुख्यतः चरित्रं, आत्मचरित्रं, बँडांचे इतिहास यांतून काढलेलं आहे. आत्मचरित्र कोण लिहितं? जो पुढे नावारूपाला आला तो. मग जाळ्यात जी माणसं जास्त जोडलेली दिसतात, ती तशी होती म्हणून दिसतात, की त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं गेलं म्हणून? जे दहा-बारा जण कार्यक्रम बघून घरी गेले, सोमवारी कामावर गेले, पुढे आठवड्याला एक कार्यक्रम बघत राहिले आणि कधीच काही काढलं नाही, ते या आकृतीत ठिपकाही नाहीत. पण त्यांनी तिकीट काढलं नसतं, तर दुसरी रात्र झाली असती का? आकडेमोड कितीही नेटकी असली तरी ती या गाळणीच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

रूथ फिनेगनचं 'द हिडन म्युझिशियन्स' (1989) वाचलं की हे जास्त टोचतं. सिएरा लिओनमधल्या लिंबा कथाकारांवर काम केलेली ही मानवशास्त्रज्ञ बाई, 1980 च्या सुमारास आपण राहतो त्याच मिल्टन कीन्स गावात संगीत शोधायला लागली. चर्चमधले गायनवृंद, ब्रास बँड, लोकगीतांचे क्लब, पबमधले रॉक बँड, सगळं एका पातळीवर. प्रसिद्ध कोणीच नाही. पुढे कोण मोठं झालं हा प्रश्नच तिच्या पुस्तकात नाही. तिला दिसतं ते असं, की कोणाची तरी मावशी चहा करते, कोणी खुर्च्या लावतं, कोणी खोलीचं भाडं भरतं, आणि तेव्हा कुठे संगीत होतं. थोडं कंटाळवाणं पुस्तक आहे, खरं सांगते. मधली काही प्रकरणं नुसत्या याद्यांसारखी वाटतात. पण मँचेस्टरच्या त्या रात्रीवर असं पुस्तक कोणी 1976 सालीच लिहिलं असतं, तर आज आपल्याला शपथा घ्याव्या लागल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या इथे जास्त लागू आहे. त्याच 1976 साली अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांचा मुलींवरचा निबंध एका गाजलेल्या संग्रहात आला. रस्त्यावरच्या, क्लबातल्या तरुणांवर सगळे लिहिताहेत, पण मुलींना रात्री तिथे जाता येतं का, असा त्यांचा सवाल होता. मुलींची चाहतेगिरी घरात चालते, मैत्रिणीच्या खोलीत, भिंतीवरच्या पोस्टरांसमोर, तबकड्या लावून. म्हणजे 'रात्री बाहेर पडणं' हाच पुरावा धरला, तर अर्धे चाहते अभ्यास सुरू व्हायच्या आधीच गळतात. पुण्या-मुंबईत तुम्ही बँडचे कार्यक्रम किंवा अ‍ॅनिमे-कॉमिक्सच्या चाहत्यांचे मेळावे अभ्यासायला घेतलेत, तर वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं आणि शेवटची लोकल किती वाजता सुटते हे तुमच्या नमुना-निवडीच्या प्रकरणात यायला हवं. प्रस्तावनेतल्या एका ओळीत ते उरकू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा 'तो कार्यक्रम तुमच्यासाठी काय होता?' असं पहिल्यालाच विचारू नका. वाल्मीकीची गोष्ट मिळेल आणि ती ऐकायला छान वाटेल. आधी साधं विचारा. कोणासोबत गेला होतात? तिकिटाचे पैसे कोणी दिले? घरी काय सांगून निघालात? परत कसे आलात? त्याच महिन्यात आणखी कुठे गेला होतात, आणि कुठे जायचं होतं पण जमलं नाही? जुनी तिकिटं, डायरी, मैत्रिणीला केलेले मेसेज असतील तर दाखवायची विनंती करा. मेसेजमध्ये आवाज फुटत होता आणि वडापाव महाग होता एवढंच लिहिलेलं असेल, तर तेही उतरवून घ्या आणि तारीख टाका.