‘राजाने बांधला’ : राजस्थानातील किल्ले-राजवाड्यांच्या खासगी सहलीतील मार्गदर्शककथनाचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

प्रवासवर्णन हा मराठीतील एक समृद्ध गद्यप्रकार होय. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून १९६० मधील पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत आणि त्यानंतरही या प्रकारात विपुल लेखन झाले व त्याची समीक्षाही झाली. तथापि प्रवासी जे लिहितो त्याच्या आधी प्रवाशाला जे सांगितले जाते, त्या मौखिक कथनाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. ऐतिहासिक स्थळी मार्गदर्शक, म्हणजे आपण व्यवहारात ज्याला ‘गाइड’ म्हणतो तो, रोज एक कथा सांगतो. असंख्य लोकांचे इतिहासाचे ज्ञान पाठ्यपुस्तकानंतर याच कथेवर उभे असते. म्हणून या कथेकडे एक संहिता म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखिकेने पती व आई यांच्यासह जयपूर, जोधपूर, उदयपूर आणि चित्तोडगड अशी आठ दिवसांची खासगी सहल केली. एक मोटार, एक चालक आणि प्रत्येक शहरात वेगळा मार्गदर्शक अशी तिची रचना होती. या सहलीत ऐकलेल्या कथनाच्या आधारे त्याची काही वैशिष्ट्ये व मर्यादा तपासणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

खासगी सहल : कथनाची चौकट

चाळीस जणांच्या बसमधील मार्गदर्शक समूहाशी बोलतो. खासगी सहलीत तो दोन-तीन माणसांशी बोलतो. हा फरक केवळ संख्येचा नाही. श्रोता कोण, कोठून आला, काय करतो, हे मार्गदर्शक पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतो आणि त्यानुसार कथेची मांडणी करतो. श्रोत्याला प्रश्न विचारण्याची, थांबवण्याची मुभा असते. या अर्थाने खासगी सहलीतील कथन हे कीर्तनापेक्षा संवादाला जवळचे आहे. त्याची निर्मिती सांगणारा आणि ऐकणारा असे दोघे मिळून करतात.

येथे मार्गदर्शकाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. त्याला दोन-अडीच तासांत पाच-सहा शतके सांगायची असतात. ऊन, गर्दी, श्रोत्याचे दुखणारे गुडघे आणि वाटेतील हस्तकलेचे दुकान या सर्वांचा मेळ घालावा लागतो. श्रोता खूश झाला तर बक्षिशी मिळते. नाराज झाला तर सहल आखणाऱ्याकडे तक्रार जाते. त्यामुळे कथनातील उणिवा या त्याच्या अज्ञानाच्याच असतात असे मानणे अन्यायाचे होईल. आम्हाला भेटलेल्या चारही मार्गदर्शकांची स्मरणशक्ती व वाक्चातुर्य यांचे कौतुकच करावे लागेल.

कर्त्याचे एकवचन

या कथनाचे पहिले वैशिष्ट्य व्याकरणाच्या पातळीवर दिसते. त्यातील बहुतेक वाक्यांचा कर्ता एकच असतो, तो म्हणजे राजा. आमेरचा राजवाडा मानसिंहाने १५९२ मध्ये बांधायला घेतला, मिर्झाराजे जयसिंहाने शीशमहाल बांधला, सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवले, सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये हवामहल बांधला. तारखा अचूक होत्या. परंतु बांधणारे हात या वाक्यांत कोठेच नव्हते.

कारागिरांची नावे इतिहासाने पुसून टाकली, असे याचे समर्थन केले जाते. ते सर्वत्र खरे नाही. जयपूरच्या नगररचनेशी विद्याधर भट्टाचार्य या मूळच्या बंगाली अधिकाऱ्याचे आणि हवामहलाच्या रचनेशी लालचंद उस्ताद यांचे नाव निगडित आहे. ही नावे उपलब्ध असूनही आमच्या सहलीत पहिले एकदाच, तेही घाईने, आले; दुसरे आलेच नाही. २०१३ मध्ये आमेर व चित्तोडगडासह राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना आणि २०१९ मध्ये जयपूर नगराला युनेस्कोने जागतिक वारसास्थळांचा दर्जा दिला. हे दोन्ही उल्लेख मात्र अभिमानाने झाले. वारसा जगाचा झाला, पण वाक्याचा कर्ता बदलला नाही.

मेहरानगड : पाया आणि दरवाजा

जोधपूरचा मेहरानगड राव जोधाने १४५९ मध्ये बांधायला सुरुवात केली. पायाभरणीच्या वेळी एका साधूने गडाला पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला आणि तो टाळण्यासाठी राजाराम मेघवाल या माणसाला पायात जिवंत पुरण्यात आले, अशी परंपरा आहे. त्याचे स्मारक गडावर आहे. मेघवाल हा राजस्थानातील दलित समाज होय, हे वेगळे सांगावयास नको. आमच्या मार्गदर्शकाने साधूची व शापाची कथा रंगवून सांगितली. पायातल्या माणसाचा उल्लेख केला नाही. विचारल्यानंतर तो थांबला, मागे वळला आणि त्याने ती हकीकत सांगितली. राजारामने स्वखुशीने प्राण दिला आणि त्याच्या कुटुंबाला जमीन मिळाली, हेही सांगितले. ‘स्वखुशीने’ हा शब्द त्याने दोनदा वापरला. ज्या समाजव्यवस्थेत नकार देण्याची सोय नव्हती, तेथे स्वखुशीचा अर्थ काय, हा प्रश्न या कथनाला पडत नाही.

याच गडाच्या लोहपोळ या दरवाज्याजवळ सती गेलेल्या स्त्रियांच्या हातांचे ठसे आहेत. १८४३ मध्ये महाराजा मानसिंहाच्या मृत्यूनंतर सती गेलेल्या राण्यांचे ठसे त्यांत आहेत. त्यांना शेंदूर व वर्ख लावलेला असतो. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात. मार्गदर्शकाचा आवाज या ठिकाणी आपोआप हळू आणि आदरयुक्त झाला. वास्तविक १९८७ मध्ये याच राज्यातील देवराळा येथे घडलेल्या प्रकारानंतर केंद्र सरकारने सतीप्रतिबंधक कायदा केला आणि सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. मार्गदर्शकाने कायदा मोडला असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. त्याने सतीचे समर्थन केले नाही. परंतु केवळ स्वराच्या चढउताराने मृत्यूचे रूपांतर त्यागात कसे होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. मौखिक संहितेची चिकित्सा करताना शब्दांइतकाच स्वर का तपासावा लागतो, ते येथे कळते.

काव्य हाच पुरावा

चित्तोडगडावर या कथनाचा दुसरा विशेष दिसतो. पद्मिनी महालात मार्गदर्शक श्रोत्याला एका आरशासमोर उभे करतो आणि याच जागी अल्लाउद्दीन खिलजीने राणीचे प्रतिबिंब पाहिले, असे सांगतो. आरसा समोर असल्यामुळे शंकेला जागाच उरत नाही.

वस्तुस्थिती अशी की, चित्तोडचा वेढा १३०३ चा आहे. त्या मोहिमेत हजर असलेल्या अमीर खुसरोने वेढ्याचे वर्णन केले आहे. त्यात पद्मिनीची कथा नाही. ती आपल्याला भेटते मलिक मुहंमद जायसीच्या ‘पद्मावत’मध्ये, आणि त्या काव्याचा काळ १५४० चा आहे. म्हणजे घटना आणि काव्य यांत २३७ वर्षांचे अंतर आहे. पुढे जेम्स टॉडने आपल्या राजस्थानविषयक ग्रंथात (१८२९-३२) ही कथा इतिहास म्हणून सांगितली आणि तेथून ती सर्वदूर गेली. आज दिसणारा महाल तर एकोणिसाव्या शतकातील पुनर्बांधणीचा आहे. २०१७ मध्ये याच कथेवरील चित्रपटाच्या वादात महालातील आरसे फोडण्यात आले होते. काव्यातील प्रतिमेचा पुरावा झाला आणि पुराव्यावर दगड पडला, असा हा प्रवास आहे.

साहित्याच्या अभ्यासकाची तक्रार मात्र इतिहासकाराच्या तक्रारीहून थोडी वेगळी आहे. ‘पद्मावत’ काल्पनिक आहे, हा त्याचा दोष नव्हे. ते सूफी परंपरेतील रूपकात्मक प्रेमकाव्य आहे. त्याच्या अखेरीस गड जिंकणाऱ्या सुलतानाच्या हाती केवळ राख येते. वासनेच्या व सत्तेच्या व्यर्थतेचे हे सूचन काव्याचा गाभा आहे. मार्गदर्शकाच्या कथेत आरसा उरतो, जोहर उरतो, शत्रू उरतो; राखेचा अर्थ तेवढा गळून पडतो. अशा रीतीने इतिहास आणि काव्य या दोघांचीही हानी होते.

श्रोत्यानुसार बदलणारा इतिहास

आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळताच जयपूरच्या मार्गदर्शकाने शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा प्रसंग (१६६६) सांगितला आणि त्यात मिर्झाराजांचा पुत्र रामसिंह याच्या सद्भावाचा आवर्जून उल्लेख केला. आम्हालाही ते आवडले. मात्र त्रिपोलिया बाजाराच्या परिसरात ‘ईसरलाट’ नावाचा सात मजली मनोरा दिसतो, त्याविषयी तो फक्त ‘विजयस्तंभ’ एवढेच म्हणाला.

हा मनोरा सवाई ईश्वरीसिंहाने १७४९ मध्ये उभारला. भाऊ माधोसिंह व त्याचे साथीदार यांच्यावर मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, मल्हारराव होळकरांचे सैन्य खंडणीसाठी जयपूरवर चालून येत असताना ती देण्यास असमर्थ ठरलेल्या ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. जानेवारी १७५१ मध्ये जयपूरकरांच्या मनातील संताप उफाळला आणि शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. म्हणजे जयपूरच्या स्मृतीत मराठे केवळ स्वराज्याचे शिलेदार नाहीत; ते खंडणी मागणारे सैन्यही आहेत. मराठी श्रोत्यापुढे ही बाजू येत नाही, कारण पाहुण्याला दुखवायचे नाही हा व्यवसायाचा नियम आहे. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची फक्त सुखद बाजू आपल्याला ऐकायला मिळते आणि आपण ती इतिहास म्हणून घरी आणतो. खासगी सहलीची सर्वांत मोठी मर्यादा हीच होय. ज्याच्यासाठी मोटार थांबते, त्याच्यासाठी इतिहासही वळण घेतो.

कृपा आणि हक्क

जोधपूरचा उमेदभवन राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला. हेन्री लँचेस्टर हा त्याचा वास्तुविशारद. आज त्याच्या एका भागात हॉटेल, एका भागात संग्रहालय आणि एका भागात राजघराण्याचे निवासस्थान आहे. दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहाने हा राजवाडा बांधविला, असे सर्वत्र सांगितले जाते. दुष्काळी काम हा त्या बांधकामामागील हेतू होता, हे खरे आहे. संपूर्ण सहलीत मजूर याच एका ठिकाणी कथेत आले. पण कर्ते म्हणून नव्हे, तर कृपेचे धनी म्हणून.

येथे लेखिकेच्या आईने मार्गदर्शकाला विचारले, “मजुरी कितनी मिलती थी?” त्याला ते ठाऊक नव्हते. धान्य मिळत असावे, असे तो अंदाजाने म्हणाला आणि जुन्या मोटारींच्या दालनाकडे वळला. आईचा प्रश्न सहज आलेला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि आपल्या आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. तेथे मिळणारी सुकडी तिला अजून आठवते. मोटारी पाहून झाल्यावर तिने मार्गदर्शकाला त्या तलावाविषयी सांगितले. त्याने लक्षपूर्वक ऐकले. आठ दिवसांत माहिती उलट दिशेने गेली, असा हा एकच प्रसंग.

या दोन बांधकामांतील फरक विचारात घेण्यासारखा आहे. एका दुष्काळातून राजवाडा उभा राहिला. दुसऱ्यातून गावोगावी पाझर तलाव, बांध आणि रस्ते झाले. महाराष्ट्रातील त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि काम ही सरकारची मेहेरबानी न राहता मागणाऱ्याचा हक्क ठरले. अर्थात दुष्काळी कामांवरील हालअपेष्टा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. परंतु ‘राजाने काम दिले’ आणि ‘लोकांनी काम मागितले’ या दोन वाक्यांत कर्ता बदलतो, आणि कर्ता बदलला की इतिहास बदलतो. पाझर तलाव दाखवायला मात्र कोणी मार्गदर्शक नसतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मार्गदर्शकाचे कथन ही राजकेंद्री, दंतकथेला दृश्य पुराव्याचे रूप देणारी आणि श्रोत्याच्या अभिमानाला सांभाळणारी संहिता आहे. तिच्यातील मौने अपघाताने आलेली नाहीत. ती मागणीनुसार घडली आहेत. ती मागणी आपण करतो.

तथापि ही संहिता छापील नाही, ही तिची मोठी शक्यता होय. राजाराम मेघवालविषयी विचारल्यावर मार्गदर्शक मागे वळला. मजुरीविषयी विचारल्यावर त्याला आपल्या माहितीतील रिकामी जागा दिसली. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दरवर्षी अशाच किल्ल्यांवर जातात. विद्यार्थ्यांना तेथे नेण्यापूर्वी त्यांच्या हाती तारखांच्या यादीबरोबर तीन प्रश्न द्यावेत, असे सुचवावेसे वाटते : हे कोणी उभारले? त्यांना काय मिळाले? आणि येथे आपल्याला काय सांगितले गेले नाही? हे प्रश्न राजस्थानातील गडांना लागू पडतात, तसेच सह्याद्रीतील आपल्या गडांनाही. तेथेही ‘महाराजांनी बांधला’ या वाक्याच्या आत पाथरवट, लोहार, बेलदार आणि पाणी वाहणाऱ्या बाया आहेत. त्यांना वाक्यात आणल्याने महाराजांची थोरवी कमी होत नाही. वाक्य तेवढे पूर्ण होते.