मिरचीचं बी कसं वाचावं

भंडारदऱ्याला मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचे दिवस येतात. शेंडीच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात, उजळलेले हिरडे, बेहडे, सादडे पाहायला माणसं रात्र रात्र जागतात. त्याच दिवसांत तिथल्या घरांच्या परसात, मोरीचं पाणी जिथे जातं त्या बाजूला, हात-दीड हाताचा एक वाफा केलेला असतो. वर भाताचा पेंढा, पेंढ्याखाली माती आणि मातीत मिरचीचं बी. दिसत काहीच नाही, म्हणून कोणी थांबत नाही. मला मात्र तो वाफा काजव्यांच्या झाडाइतकाच पाहण्याजोगा वाटतो.

‘मिरची टाकून दहा दिवस झाले, अजून एक रोप नाही,’ असं शेतकरीही म्हणतात आणि गच्चीवर कुंड्या लावणारेही. त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं: बियाणं खराब निघालं. तसं ते निघतंही. पण त्या निष्कर्षाला येण्याआधी हे बी हातात घेऊन सावकाश पाहिलं पाहिजे. कारण मिरचीचा उशीर तिच्या घडणीतच आहे. ती घडण एकदा कळली की काय बिघडलंय आणि काय मुळीच बिघडलेलं नाही, हे वेगळं करता येतं.

वाळलेली लाल मिरची मोडून बी तळहातावर घ्या. चपटं, वाटोळं, एका कडेला किंचित खचलेलं, फिकट पिवळं. हजार बिया मिळून जेमतेम पाच-सहा ग्रॅम भरतात. तिखटपणा बियात असतो असं आपण सर्रास समजतो, पण तो असतो आतल्या पांढऱ्या शिरेत. बी त्या शिरेला लगटून वाढतं, म्हणून तिखट लागतं. आता ते भिंगाखाली आडवं चिरलं तर आत एक बारीक पांढरा देह वेटोळं करून पडलेला दिसतो: एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला मिटलेली दोन पानं. त्याच्या चहूबाजूंनी दाट, चिवट अन्नाचा थर आहे. मुळाचं टोक जिथे टेकलंय, नेमकं तिथेही तो थर आहेच. म्हणजे ज्या अन्नावर जगायचं, तेच दारावर आडवं उभं आहे. या रचनेतलं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अवघड असं हेच स्थळ.

मटकीत असं काही नसतं. मटकीचं अन्न तिच्या दोन दलांतच भरलेलं, वर नुसती पातळ साल. रात्री भिजवा, फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड हजर. आपल्या स्वयंपाकघरानं आपल्याला रुजण्याची ही एकच गती शिकवली आहे आणि मिरचीचा वाफा बघताना नकळत आपण तीच गती लावून बसतो.

मिरचीचं रुजणं तीन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा पाणी पिण्याचा. तो साधारण दिवसभरात उरकतो. बी फुगतं, जड होतं. तिसरा टप्पा मूळ बाहेर पडण्याचा, तोही झपाट्याचा. या दोन्हींच्या मधला काळ लांब असतो, आणि त्यात बाहेरून बदल असा काही दिसत नाही. पाणीही फारसं शोषलं जात नाही. आत मात्र गर्भाकडून जिबरेलिन नावाचं द्रव्य निघतं, त्याच्या इशाऱ्यानं विकरं तयार होतात आणि मुळासमोरच्या थराच्या पेशींच्या भिंती ती हळूहळू पोखरू लागतात. मूळ जोर लावतं, थर सैल होतो. दोन्हींचं बळ जुळलं की तेवढ्याच जागी भेग पडते आणि पांढरा बिंदू बाहेर येतो. ज्याला आपण ‘काही होत नाही’ म्हणतो ते हे काम आहे. मिरचीच्या बियाचा सगळा रस मला या मधल्या काळात सापडतो. ज्याला त्याची गोडी लागली, त्याचा हात खुरप्याकडे जात नाही.

या पोखरण्याला लागते ऊब. जवळजवळ सगळा प्रश्न तिथेच सुटतो किंवा अडतो. माती 30 अंश सेल्सिअसला असली तर मिरची साधारण आठवड्याभरात वर येते. 25 अंशाला आठ-नऊ दिवस, 20 अंशाला बारा-तेरा, आणि 15 अंशाला तब्बल पंचवीस दिवसांच्या घरात. 10 अंशाला ती येतच नाही. आकडे हवेचे नाहीत, मातीचे आहेत, हे विसरू नये. भंडारदरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, समोर 1646 मीटरचं कळसूबाई, शेजारी पाण्याचा मोठा पसारा. जानेवारीत दुपारी अंगात स्वेटर नको वाटतो, पण पहाटे वाफ्यात बोट घातलं तर माती झोंबते. उन्हाळी मिरचीसाठी खाली संगमनेर-राहुरीकडे जानेवारीत वाफे टाकतात आणि ते उगवतातही. त्यांचं पाहून इथे वर टाकलेलं तेच बी महिनाभर गप्प बसलं, तर ती त्या बियाची खोट नव्हे. बी आपल्या हिशोबानं बरोबर चाललंय, चुकलाय तो आपला पंचांगातला दिवस. थंडीतच पेरायचं असेल तर घमेल्यात किंवा खोक्यात पेरावं, चुलीच्या उबेला ठेवावं, आणि पहिलं रोप दिसताक्षणी उजेडात न्यावं. अंधारात राहिलेलं रोप पांढरं, लांबोडकं होऊन कोलमडतं.

बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी या संथपणाला रीतसर जागा दिली आहे, ही गोष्ट मला फार आवडते. मिरचीच्या बिया तिथे दिवस-रात्र एकाच तापमानाला ठेवत नाहीत. काही तास 30 अंश आणि उरलेला काळ 20 अंश असं आलटून पालटून ठेवतात. पहिली मोजणी सातव्या दिवशी होते, पण निकाल चौदाव्या दिवशी. भारतातल्या प्रमाणित बियाण्याला मिरचीसाठी किमान 60 टक्के उगवण पुरेशी धरली आहे. टोमॅटो-वांग्याला 70, भाताला 80 टक्के. म्हणजे शंभर बियांतून साठ उगवल्या तरी ते उत्तीर्ण बियाणं! आणि दिवसा तापणारी, रात्री डोंगरावरच्या वाऱ्यानं निवणारी माती भंडारदऱ्याला मेअखेर आपोआप मिळते. मोरीकडेच्या त्या वाफ्याची वेळ इतकी अचूक आहे, ती तिथल्या बायकांनी कुठल्या तक्त्यावरून काढलेली नाही.

त्या वेळेत एक घाईही आहे. मृगाचा पाऊस इथे सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. घाटघरला तर नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. रोपं पावसाआधी दोन पानांवर आली पाहिजेत. कारण ऊब असूनही बी न रुजण्याचं दुसरं मोठं कारण पाणीच. मधल्या काळात बी आत जोरानं काम करत असतं, म्हणजे श्वास घेत असतं. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्यानं भरल्या की त्याला हवा मिळत नाही, ते गुदमरतं आणि कुजतं. वाफसा हा आपल्या शेतकऱ्यांनी जपलेला फार शहाणा निकष आहे: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटानं टोकला तर फुटावा. मिरचीला वाफसा हवा, चिखल नको. म्हणून गादीवाफा, म्हणून माती-शेणखतात थोडी वाळू, म्हणून झारीनं पाणी आणि वर पेंढा. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. तांबडी माती वळवाच्या सरीनंतर वाळली की खपली धरते आणि खालून येणारं कोवळं रोप तिच्याखाली अडकून मरतं. पेंढ्यानं ती खपली धरत नाही. पण पहिली रोपं दिसली की तोच पेंढा संध्याकाळी अलगद काढून घ्यायला हवा. सकाळी काढला तर एका उन्हातच ती माना टाकतात.

आता वर येण्याचा क्षण. मिरचीचं रोप मान ताठ करून येत नाही. आधी दिसते एक वाकडी, फिकट कमान, दोन्ही टोकं मातीत. पानं वर ढकलली असती तर ती खरचटली असती, म्हणून देठ पाठीनं माती उचलतो आणि पानं मागून ओढून घेतो. मग कमान सरळ होते. कधी कधी पानांच्या टोकावर बियाची साल टोपीसारखी राहून जाते. बी फार वरवर पेरलं किंवा माती कोरडी असली की हे जास्त होतं, कारण वर येताना साल ओढून धरायला दाब आणि ओल कमी पडते. लोक ती नखानं उपटतात आणि सालीबरोबर पानंही जातात. पाण्याचा एक थेंब ठेवावा, तासाभरानं पुन्हा एक. मऊ झाली की बहुधा ती आपणच गळते. हा सगळा उद्योग पाहताना एवढ्याशा देठाचं शहाणपण मला दर वर्षी नव्यानं थक्क करतं.

जातीचा फरकही लक्षात घ्यायला हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ किंवा ‘अग्निरेखा’, आपली रोजची भाजीची मिरची, या सगळ्या एका कुळीच्या, तुलनेनं लवकर उगवणाऱ्या. हौशी मंडळी हल्ली ईशान्येकडून भूत जोलोकियाचं बी मागवतात. 2007 साली गिनेसनं जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदलेली ही मिरची वेगळ्या कुळीची आहे. तिला ऊब असूनही तीन-चार आठवडे लागू शकतात. आभाळाकडे तोंड करून लागणाऱ्या बारक्या, जहाल मिरच्यांचंही बरेचदा तसंच. त्यांचा उशीर फुले ज्योतीच्या मापानं मोजला तर चांगलं बी उकिरड्यावर जाईल.

या संथपणाचं कारण रानातल्या मिरचीकडे पाहिलं की थोडं उलगडतं. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. तिथे तिचं बी पेरणारे होते पक्षी. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. आपल्या जिभेवर ज्याची आग होते ते द्रव्य त्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही. उंदीर-घुशींना जाणवतं, आणि ते बी चावून संपवतात, म्हणून मिरची त्यांना हाकलते. बोलिव्हियातल्या रानमिरचीवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी सुरेख गोष्ट दिसली: पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बियांवरची बुरशी कमी होते, आणि मुंग्यांना बोलावणारा वासही. आपल्या परसातही शिपाई बुलबुल पिकलेली मिरची गिळतो आणि बी दूर कुंपणाखाली टाकतो. पोपटाचं तसं नाही. तो बी फोडून खातो.

हे वाचलं की वाफ्यावरच्या जुन्या रीतींना अर्थ येतो. बी राखेत चोळायचं, वाफ्याभोवती राखेची रेघ ओढायची. जिथे पक्ष्याचं पोट नाही तिथे बुरशी आणि मुंग्या आपल्यालाच आवराव्या लागतात. आज किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात. उगवलेली रोपं मानेशी काळी पडून आडवी होतात ती त्यानं वाचतात. रात्रभर कोमट पाण्यात भिजवण्यानं पहिला टप्पा लवकर उरकतो, तेवढाच. पाण्यावर तरंगलेलं बी फेकून द्या, हा सल्ला मात्र मी मानत नाही. मिरचीचं चांगलं बीही हलकं आणि सुकं असल्यामुळे तरंगतं. त्यापेक्षा वीस बिया ओल्या फडक्याच्या पुरचुंडीत उबेला ठेवून किती फुटतात ते पाहावं आणि त्या प्रमाणात दाट किंवा विरळ पेरावं.

आणि पेरण्याच्या कितीतरी आधी, बी धरण्याच्या दिवशी, अर्धं काम झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. हिरव्या, अर्धकच्च्या मिरचीतलं बी दिसायला पूर्ण असतं, पण आतला गर्भ अपुरा. बाजारातून आणलेल्या हिरव्या मिरचीचं बी पेरून वाट पाहणाऱ्यांची निराशा इथून येते. निरोगी झाडावरची, झाडावरच पूर्ण लाल झालेली मिरची निवडावी, ती आणखी काही दिवस तशीच ठेवून सावलीत वाळवावी. घरातल्या ओलसर डब्यात मिरचीचं बी दोन-तीन वर्षांत थकतं. थकलेलं बी आधी उशिरा रुजतं आणि मग रुजायचंच थांबतं.

भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जमवली आणि राखली. बायफ संस्थेच्या साथीनं त्यांचं काम वाढलं, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा गौरव करताना आपण जुन्या वाणांची संख्या सांगतो. मला त्यामागची नजर जास्त मोलाची वाटते: कोणतं फळ तोडायचं नाही, कोणतं झाड बियाला राखायचं, हे उभ्या पिकात ओळखणारी. हे शिकवणारं पुस्तक म्हणजे पीकच, आणि ते राहीबाईंनी शाळेत न जाता वाचलं.

बी नीट धरलं, नीट पेरलं, तरीही तीन आठवडे उलटले, माती उबदार आहे, वाफसा आहे, आणि वाफा मोकळाच आहे, असं होतं. तेव्हा कोपऱ्यातल्या चार बिया उकराव्यात आणि एकेक नखानं दाबून पाहावी. घट्ट लागली आणि सोलल्यावर आत पांढरी निघाली तर ती जिवंत आहे. पाणी थोडं कमी करावं, रात्री गोणपाट पांघरावं आणि आणखी आठ-दहा दिवस द्यावेत. दाबताच पाणी सुटलं, आत करडा चिखल निघाला तर ती कुजली. त्या मातीत पुन्हा पेरू नये, वाफा उंच करून नवी माती भरावी. बी सापडलंच नाही तर मुंग्यांची वाट शोधावी. आणि मूळ फुटलेलं दिसलं तर ते वाळायच्या आत, टोक खाली ठेवून, चिमूटभर मातीखाली लगेच परत ठेवावं. बाकीचा वाफा उकरू नये.