नोजाँच्या बागेतील न वाचलेली पाने

बाग ही एक संहिता असते आणि तिलाही कर्ता असतो, असे आम्ही मानतो. पॅरिसच्या पूर्वेस, व्हँसेनच्या वनाच्या कडेला असलेले नोजाँचे उष्णकटिबंधीय कृषी-उद्यान पाहिल्यापासून हे मत अधिकच दृढ झाले.

आपल्या मंडळींची पॅरिसवारी बहुधा ठरलेली असते: नोत्र दाम, टेकडीवरील पवित्र हृदयाचे मंदिर आणि मग लूर्दची गाडी. 2009 च्या नोव्हेंबरात आम्ही मात्र उपनगरी गाडीने नोजाँस उतरलो. प्रवेशाशी रंग उडालेले चिनी धाटणीचे लाकडी द्वार, आत बांबूंची दाटी, जीर्ण मंडप. फ्रेंच साम्राज्यविस्ताराच्या गौरवार्थ बेलॉक या शिल्पकाराने घडविलेल्या स्मारकाचे तुकडे गवतात विखुरलेले. उष्ण म्हणावे असे मात्र तेथे काहीच नव्हते. आम्ही तर कुडकुडत होतो!

ही बाग 1899 साली स्थापन झाली ती शोभेसाठी नव्हे. कॉफी, कोको, व्हॅनिला यांची रोपे येथील काचगृहांत वाढवून वसाहतींत धाडली जात. तिचा बहर दूरच्या मळ्यांत, परक्या मजुरांच्या घामावर फुलायचा होता. आजचे तिचे ओकेपण केवळ हेळसांडीचे नाही, ते मूळ रचनेतच आहे. 1907 साली येथे वसाहतींचे प्रदर्शन भरले. इंडोचायना, मादागास्कर, काँगो येथील माणसे आणून, कृत्रिम खेड्यांत बसवून, तिकीट काढून आलेल्या गर्दीला दाखविण्यात आली. रोपांप्रमाणेच माणसांचेही नमुने मांडले गेले.

पुढे पहिले महायुद्ध आले. त्याच वसाहतींतील जखमी सैनिकांसाठी येथे इस्पितळ उघडले, 1916 साली लाकडी मशीद उभारली गेली. नंतर मृत सैनिकांची स्मारके आली, तीही प्रदेशाप्रदेशाने आणि धर्माधर्माने वेगळी. इंडोचायनातील ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकापाशी आमची पावले आपसूक थांबली. आपली माणसे वाटली. मग ध्यानात आले की, 1984 साली आगीत भस्म झालेल्या व्हिएतनामी स्मृतिमंदिराच्या जागेवरून आम्ही किती लगबगीने पुढे आलो होतो. खंदकात एकत्र मेलेल्यांची स्मारके वेगळी करणाऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आम्हांला आमचीच पावले तपासावी लागली.

अशा जागांना 'रम्य भग्नावशेष' म्हणण्याची प्रवासलेखकांना हौस असते. आम्हांला ती मान्य नाही. शेवाळ दयाळू दिसते, पण ते अक्षरेही खाते. पॅरिस नगरपालिकेने 2003 साली जागा ताब्यात घेऊन 2006 साली ती लोकांस खुली केली. 2011 साली इंडोचायना मंडपाचे पुनरुज्जीवनही झाले. हे उत्तमच. परंतु डागडुजी करणाऱ्याने लज्जास्पद परिच्छेद गाळून सुबक प्रत काढली, तर ती हेळसांडीहून वाईट ठरेल. खेड्यांत बसविलेल्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव आम्हांला त्या दिवशी तेथे दिसले नाही.

महिना मृतांच्या स्मरणाचा होता. सैनिकांसाठी प्रार्थना म्हटली. 1907 च्या त्या माणसांसाठी कोणत्या दगडापाशी उभे राहावे ते मात्र उमगेना. अखेर बांबूंतल्या वाटेवरच थांबलो.